किमान वेतन : उपकार नव्हे, देणे

धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा सोहळा आटोपला की आपल्या वसतिगृहाच्या फाटकाशी दरवर्षी तेच दृश्य दिसते. ऊसतोडीला निघालेले आईबाप लेकराला घेऊन येतात, पत्र्याची पेटी आणि अंथरुणाची वळकटी खाली ठेवतात आणि गुरुजींना म्हणतात, "सर, पाडव्यापर्यंत पोरीला सांभाळा." त्यानंतर त्यांची गाडी कारखान्याच्या वाटेला लागते. मुलगी मात्र बराच वेळ फाटकाशीच उभी असते.

शाळेच्या स्मरणिकेत इमारतीचा इतिहास असतो, निकालाची टक्केवारी असते, देणगीदारांचे ऋण मानलेले असते. ते सारे यथोचितच आहे. परंतु ही मुलगी आपल्याकडे का आली, तिचे आईबाप गावातच का राहू शकत नाहीत, हा प्रश्न विचारल्यावाचून आपल्या कार्याचा अर्थ पुरता उमगत नाही. त्याचे उत्तर फारसे गूढ नाही. गावातल्या मजुरीवर वर्ष निघत नाही. म्हणून आगाऊ उचल घ्यावी लागते आणि ती फेडण्यासाठी कोयता हाती धरून परमुलखात जावे लागते. आपल्या वसतिगृहातल्या अनेक खाटांचा हिशोब शेवटी मजुरीच्या दरापाशी येऊन थांबतो. या कारणास्तव किमान वेतनाचा वाद हा अर्थशास्त्रज्ञांपुरता राहू न देता आपण आपला मानला पाहिजे.

किमान वेतन वाढवावे असे कोणी म्हटले की लगेच दुसऱ्या बाजूने प्रश्न येतो, "मजुरी वाढवाल, पण काम कोण देईल?" हा प्रश्न नेहमीच कुटिल हेतूने विचारला जातो असे नाही. मजुरी महाग झाली तर मालक माणसे कमी करील, यंत्र आणील, छोटा धंदा असेल तर तो बंदच करील, वस्तूंच्या किमती चढतील आणि ज्याच्या हितासाठी कायदा केला तोच मजूर बेकार होईल, असा हा युक्तिवाद आहे. त्याला अर्थशास्त्राच्या प्राथमिक पाठ्यपुस्तकाचा आधार आहे. तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. त्याला नीट उत्तर देणे आपले कर्तव्य आहे.

त्यासाठी प्रथम हा कायदा कोणत्या दुःखातून जन्मला हे आठवले पाहिजे. आपल्या पूर्वजांच्या श्रमाला दर असा नव्हताच. महार वतनदाराने सरकारची आणि गावाची पडतील ती कामे रात्रंदिवस करावीत आणि मोबदल्यात बलुते, इनामाचा तुटपुंजा तुकडा आणि शिळीपाकी भाकरी स्वीकारावी, अशी ती रीत होती. काम किती, तास किती, मोबदला किती, यांपैकी काहीही ठरलेले नव्हते. ठरलेली होती ती फक्त जात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात महार वतनासंबंधीचे विधेयक मांडले तेव्हा त्यांचा आघात नेमका या अनिश्चिततेवर होता. पुढे १९३६ साली स्थापन केलेल्या पक्षाला त्यांनी 'स्वतंत्र मजूर पक्ष' हे नाव दिले, हेही सहज घडलेले नाही.

१९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बाबासाहेबांकडे मजूर खाते होते. कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी दुरुस्ती याच काळातली. ११ एप्रिल १९४६ रोजी त्यांनी मध्यवर्ती विधिमंडळात किमान वेतनाचे विधेयक मांडले आणि दोन वर्षांनी, १९४८ साली, त्याचा कायदा झाला. ज्या उद्योगांत मजूर विखुरलेला आहे, संघटना नाही, घासाघीस करण्याची ताकद नाही, तेथे शासनाने मजुरीचा तळ आखून द्यावा, ही त्यामागची भूमिका. १९४७ सालच्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात बाबासाहेबांनी याच विचाराचे मूळ उकलून दाखविले आहे. पोटासाठी मिळेल ते काम पत्करण्यावाचून ज्याला गत्यंतर नाही, तो आपले मूलभूत हक्कही सोडून द्यायला तयार होतो. मग त्याचे स्वातंत्र्य ते कोणते, असा त्यांचा सवाल होता. उचल घेऊन कोऱ्या कागदावर अंगठा उठविणाऱ्या माणसाला आजही हा सवाल समजावून सांगावा लागत नाही.

तथागतांच्या धम्मातही मजुरी हा गौण विषय नाही. सिगालोवाद सुत्तात गृहस्थाने आपल्या सेवकांप्रती पाळावयाची पाच कर्तव्ये सांगितली आहेत: शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारपणात शुश्रूषा करावी, घरात केलेला विशेष पदार्थ त्यांच्याशी वाटून घ्यावा आणि वेळोवेळी रजा द्यावी. यातील 'भत्तवेतन' हा शब्द लक्षणीय आहे. त्याची गणना दानात केलेली नाही, कर्तव्यात केली आहे. कूटदंत सुत्तातील पुरोहित राजाला सांगतो की, चोऱ्या-लुटी दंडाने थांबणार नाहीत. शेतकऱ्याला बी-बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल आणि राजसेवकाला अन्न-वेतन दे, म्हणजे राज्य निर्वेध होईल. चक्कवत्ति सीहनाद सुत्त तर निर्धनाला धन न मिळाल्याने दारिद्र्य, दारिद्र्यातून चोरी, चोरीतून हिंसा अशी कारणांची साखळीच उलगडून दाखवते. सम्यक आजीविका हे अष्टांगिक मार्गाचे अंग आहे. घेणाऱ्याची आजीविका सम्यक असावी, हे आपण आवर्जून सांगतो. देणाऱ्याचीही ती असावी लागते, हे सांगताना मात्र आपला आवाज खाली येतो.

आता किमान वेतन म्हणजे नेमके किती, हे पाहू. १९५७ साली पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने त्याचे मोजमाप ठरविले. एका कमावत्या माणसावर तीन माणसांइतका उपभोग अवलंबून धरावा, प्रौढामागे दिवसाला २७०० उष्मांकांचे अन्न, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, आणि इंधन, दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी एकूण वेतनाचा पाचवा हिस्सा, असे हे माप होते. १९९१ साली रेप्टाकोस ब्रेट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यात भर घातली: मुलांचे शिक्षण, औषधोपचार, सणवार, म्हातारपण आणि लग्नकार्य यांसाठी आणखी २५ टक्के धरले पाहिजेत. म्हणजे मुलांच्या शिक्षणाचा खर्च किमान वेतनात अंतर्भूत आहे, असे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगून तीन दशके उलटली. बापाच्या मजुरीत मुलीच्या वहीचे पैसे असतील, तर ती वही तिच्या हक्काची होते. नसतील, तर ती कोणाच्या तरी देणगीची होते. या दोन वह्यांतील अंतर आपल्या वसतिगृहाइतके कोणाला ठाऊक असणार?

प्रत्यक्षात काय झाले? १९९६ साली देशासाठी दिवसाला ३५ रुपयांचा तळ सुचविण्यात आला. त्याला कायद्याचे बळ नव्हते. वाढत वाढत तो २०१७ साली १७६ रुपयांवर आला. त्यानंतर केंद्र सरकारनेच अनूप सत्पथी यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली. तिने आहार, कपडा, निवारा यांचा हिशोब नव्याने मांडून, जुलै २०१८ च्या किमतींनुसार दिवसाला ३७५ रुपये असावेत, अशी शिफारस २०१९ साली केली. त्याच वर्षी जाहीर झालेला दर होता १७८ रुपये. ३७५ रुपयांच्या गरजेला दोन रुपयांच्या वाढीने दिलेले हे उत्तर होय. २०१९ च्या वेतन संहितेने किमान वेतनाचा हक्क केवळ अनुसूचीतील रोजगारांपुरता न ठेवता सर्व कामगारांना दिला आणि राष्ट्रीय तळाला कायद्यात स्थान दिले, हे स्वागतार्ह आहे. परंतु तळ किती खोल ठेवायचा हा प्रश्न त्याने सुटत नाही.

ऊसतोडीचेच उदाहरण घ्या. जानेवारी २०२४ मध्ये संघटना आणि साखर संघ यांच्यात तडजोड होऊन तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि टनाला ३६६ रुपये ठरले. वाढीची टक्केवारी मोठी दिसते. पण एका कोयत्याने, म्हणजे नवरा-बायको दोघांनी मिळून, दिवसात दोन टन ऊस तोडला, मोळ्या बांधल्या आणि वाहन भरून दिले असे धरले, तर दोघांचे मिळून ७३२ रुपये होतात, माणशी ३६६. पहाटेच्या काळोखापासून रात्री गाडी भरेपर्यंतच्या कष्टाचे हे मोल, समितीने कित्येक वर्षांपूर्वीच्या किमतींवर काढलेल्या ३७५ रुपयांच्याही खाली राहते. त्यातून उचल वळती होते आणि आजारपणाचा खाडा वेगळा. काम अंगावर घेतलेले, उक्ते असले तरी दिवसाची कमाई किमान वेतनाखाली जाता कामा नये, हे तत्त्व १९४८ च्या कायद्यातच होते. फडात ते कोणी मोजत नाही.

मजुरी वाढली तर काम घटेल, या मूळ आक्षेपाकडे आता वळू. हा आक्षेप एक गोष्ट गृहीत धरतो: मजूर आणि मालक भाजीबाजारातल्या गिऱ्हाईक-विक्रेत्यासारखे समोरासमोर, समान बळाने उभे आहेत. जेथे काम देणारा एकच किंवा मोजकेच असतात, तेथे ते मजुरी तिच्या खऱ्या मोलापेक्षा खाली दाबू शकतात, हे जोन रॉबिन्सन यांनी १९३३ सालीच दाखवून दिले. अशा ठिकाणी कायद्याने दर वाढविला तर काम घटेलच असे नाही. उचल घेतलेला मजूर हंगामभर एकाच मुकादमाला बांधलेला असतो. तो दुसऱ्याकडे जाऊ शकत नाही. त्याच्यापुरता बाजार कोठे आहे?

अनुभवही हेच सांगतो. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याने १९९२ साली किमान वेतन तासाला ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केले. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी तेथील आणि शेजारच्या पेनसिल्व्हेनियातील खाद्यगृहांची तुलना केली, तेव्हा रोजगार घटल्याचे आढळले नाही. या निष्कर्षावर पुढे बराच वाद झाला. तरी श्रमाच्या अशा अभ्यासांसाठी कार्ड यांना २०२१ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. ब्रिटनने १९९९ साली आणि जर्मनीने २०१५ साली देशव्यापी किमान वेतन आणले. दोन्हीकडे आधी वर्तविलेली बेकारीची लाट आली नाही. आपल्याकडे आंध्र प्रदेशात रोजगार हमीची मजुरी स्मार्टकार्डाद्वारे वेळेवर आणि गळतीविना पोहोचू लागली, तेव्हा कार्तिक मुरलीधरन, पॉल नीहॉस आणि संदीप सुखटणकर यांच्या अभ्यासात असे दिसले की गावातील खासगी कामाची मजुरीही वाढली आणि रोजगार घटला नाही. मजुराच्या हाती आलेला पैसा परदेशी बँकेत जात नाही. तो गावच्या किराणा दुकानात, पिठाच्या गिरणीत, पोराच्या दप्तरात जातो आणि तेथून दुसऱ्याचे काम उभे करतो.

तथापि, प्रामाणिकपणे सांगायचे तर या वादात आपल्याच राज्याने दिलेला एक धडा नजरेआड करता येत नाही. महाराष्ट्राची रोजगार हमी योजना ही देशाला दिशा देणारी होती. १९८८ च्या मध्यास राज्यातील किमान वेतन जवळजवळ दुप्पट झाले आणि त्यासोबत हमीच्या कामावरील मजुरीही वाढली. मजुरांच्या दृष्टीने हा मोठा विजय होता. परंतु मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधुरी यांच्या १९९३ सालच्या अभ्यासाने दाखविले की, त्यानंतर 'मागेल त्याला काम' ही हमी क्षीण झाली. काम मागणारे होते, पण तितकी कामे निघाली नाहीत. आक्षेप घेणारे म्हणतील, "पाहा, आम्ही सांगत होतो तेच झाले." मला यातून वेगळा बोध होतो. येथे कामे बाजाराच्या नियमाने घटली नाहीत. वाढीव मजुरीला पुरेल इतकी कामे काढण्याची तजवीज झाली नाही. एका हाताने दर वाढवावा आणि दुसऱ्या हाताने तिजोरी आवळावी, तर हक्क कागदावर वाढतो आणि मजुराचे पोट होते तेथेच राहते. म्हणून वेतनवाढीची मागणी करणाऱ्याने तिच्यासाठी लागणाऱ्या पैशाचीही मागणी त्याच दमात केली पाहिजे.

हेच कोरडवाहू शेतकऱ्याबाबत खरे आहे. दोन-तीन एकरांचा धनी स्वतःच कर्जात बुडालेला असतो. निंदणी-वेचणीच्या बाईला कायद्याचा रोज देताना त्याची ओढाताण होते. ही ओढाताण खोटी नाही. परंतु त्याच्या मालाला मिळणाऱ्या अपुऱ्या भावाची भरपाई त्याच्याहून गरीब, भूमिहीन बाईच्या रोजातून का व्हावी? शेतमालाचा हमीभाव काढताना मजुरी पूर्ण आणि स्त्री-पुरुषांना समान धरली जावी, ही मागणी शेतकरी आणि शेतमजूर यांनी एकत्र केली पाहिजे. दोघांना एकमेकांशी झुंजत ठेवण्यात तिसऱ्याचाच लाभ आहे.

आणि तरीही समजा, एखादा धंदा किमान वेतन देऊ शकतच नाही. मग काय? १९६१ साली केरळातील कौलांच्या कारखान्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, किमान वेतन ठरविताना मालकाच्या ऐपतीचा विचार करण्याचे कारण नाही. १९८२ साली दिल्लीतील आशियाई क्रीडा स्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांचा खटला आला. ठरलेली मजुरी ९ रुपये २५ पैसे होती. जमादार त्यातला एक रुपया दलाली म्हणून कापून घेई आणि मजुराच्या हाती ८ रुपये २५ पैसे पडत. न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी त्या निकालात सांगितले की, किमान वेतनाहून कमी मोबदल्यात काम करवून घेणे म्हणजे राज्यघटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने निषिद्ध ठरविलेली वेठबिगारी होय. कारण उपासमारीची सक्ती हीसुद्धा सक्तीच आहे. एका रुपयाच्या त्या कपातीत न्यायालयाला वेठ दिसली. वतनाच्या भाकरीत बाबासाहेबांना जे दिसले होते, तेच हे. रोजगारावरील परिणामांची चर्चा जरूर व्हावी. पण वेठबिगारी चालू ठेवल्याने किती लोकांना काम मिळते, असा हिशोब आपण मांडत नाही. तो मांडायचाच नसतो.

शेवटचा मुद्दा सर्वांत अवघड आहे, कारण तो आपल्या घरातला आहे. आपल्या समाजाने उभारलेल्या शाळा, वसतिगृहे, विहारे, वाचनालये येथेही माणसे राबतात. पहाटे चार वाजता चूल पेटविणारी स्वयंपाकीण, शौचालये स्वच्छ करणारा सफाई कामगार, रात्रभर जागणारा पहारेकरी, शंभर मुलींची आजारपणे काढणारी मदतनीस, यांना आपण काय देतो? पुष्कळदा त्याला 'मानधन' म्हणतो. शब्द गोड आहे. त्यात मान आहे आणि धन मात्र थोडे आहे. अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांच्या मानधनाला २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने उपदान कायद्यापुरते वेतनच मानले. अनुदान तुटपुंजे आहे, ते वेळेवर येत नाही, हे सर्व चालक जाणतात आणि ते खरेही आहे. परंतु "हे समाजाचे काम आहे, थोडे सोसा" असे आपण ज्याला सांगतो, त्याने ते सोसावे म्हणून त्याच्या मुलांची फी कोणी माफ करत नाही की दुकानदार त्याला तेल स्वस्त देत नाही. कारखानदार ऐपतीचे कारण सांगतो तेव्हा आपण मोर्चा काढतो. तेच कारण आपण सांगितले, तर ते धम्मकार्य कसे ठरेल?

म्हणून माझी सूचना साधी आहे. शाळेच्या कार्यालयाबाहेर जेथे निकालाचा फलक लागतो, तेथेच शासनाने ठरविलेल्या किमान वेतनाचे दर आणि आपण प्रत्यक्ष देत असलेले वेतन, दोन्ही लिहावेत. वेतन बँकेत, ठरल्या तारखेला जमा व्हावे. कंत्राटदारामार्फत माणूस घेतला असेल, तर त्याच्या हाती किती पडते हे संस्थेने स्वतः विचारावे. तूट असेल तर ती लपवू नये. ती दाखवूनच शासनाकडे वाढीव अनुदान मागावे आणि देणगीदारांना सांगावे की, यंदा नव्या कमानीऐवजी स्वयंपाकिणीच्या वेतनाला हातभार लावा. कमानीवर नाव कोरता येते, वेतनावर येत नाही. तरीही जो देईल तो खरा दाता.

आणि गणिताच्या तासाला एक उदाहरण मुलांकडून सोडवून घ्यावे. दर टनाला ३६६ रुपये. एका कोयत्याने हंगामात अमुक टन तोडला. उचल अमुक होती. देणे किती राहिले? फाटकाशी उभी राहिलेली ती मुलगी हे उदाहरण वर्गात सर्वांच्या आधी सोडवील, अशी माझी खात्री आहे. पाडव्याला आईबाप परत येतील तेव्हा मुकादमाची वही ती स्वतः वाचून पाहील आणि जेथे बेरीज चुकली असेल तेथे बोट ठेवील. शिकून संघटित होणे याचा आरंभ त्या बोटापासून होतो. ते बोट उद्या आपल्या संस्थेच्या हजेरीपटावर ठेवले गेले, तरी आपला हिशोब चोख निघाला पाहिजे.